पिवळ्या गोळीमागचा माणूस : डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव



स्मरणिकेत दरवर्षी एका थोर व्यक्तीचा परिचय द्यायचा, ही आपली जुनी पद्धत आहे. छत्रपती शिवराय, लोकमान्य, सावित्रीबाई, बाबासाहेब यांच्याविषयी आपल्यातील जाणकारांनी आजवर भरभरून लिहिले आहे. यंदा मी ज्यांच्याविषयी लिहिणार आहे, ते महाराष्ट्रातले नाहीत. पोटापाण्यासाठी येऊन आपण ज्या मातीत रुजलो, त्या आंध्रच्या मातीतले ते सुपुत्र. डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव. आपल्या विजयवाड्याहून गुडिवाडामार्गे जाणाऱ्या लाइनवरचे भीमावरम हे त्यांचे जन्मगाव. ड्यूटीनिमित्त मी त्या स्टेशनवर कितीतरी वेळा उतरलो असेन, पण ते नाव मला तिथल्या एका तेलुगू सहकाऱ्याकडून कळले. आपल्यापैकी अनेकांना ते आजही ठाऊक नसेल.

हाच विषय का निवडला, तेही सांगतो. २०२० नंतर आपल्या घराघरात गोळ्या, पावडरी, चूर्णे आणि काढे यांचे प्रमाण फार वाढले आहे. कोणी ‘इम्युनिटी’साठी घेतो, कोणी ताकदीसाठी, कोणी केस गळतात म्हणून. पगार झाला की दोन-दोन हजारांचे डबे घेणारे ट्रॅकमन मी पाहिले आहेत. दुसऱ्या टोकाला, सरकारी दवाखान्यातून फुकट मिळणारी लोहाची गोळी कपाटात ठेवून देणाऱ्या भगिनीही आहेत. यातले काय उपयोगाचे, कोणाला आणि किती? हा प्रश्न डॉ. सुब्बाराव यांच्या आयुष्याइतका स्पष्टपणे मला दुसरीकडे कुठे सुटलेला दिसला नाही. मी डॉक्टर नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला, रुळांची देखभाल करणारा माणूस आहे. तेव्हा औषध सांगण्याचा माझा अधिकार नाही, चरित्र मात्र सांगू शकतो.

सुब्बारावांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजी झाला. वडील जगन्नाथम, आई वेंकम्मा. सात भावंडांत हे चौथे. घरची परिस्थिती ओढाताणीची. बालपणाचा मोठा भाग राजमहेंद्रीला गेला. गोदावरीवरचा हॅवलॉक पूल १९०० साली सुरू झाला तेव्हा हा मुलगा पाच वर्षांचा होता. शाळेत त्याचे मन रमत नसे. तेराव्या वर्षी तो घरातून पळून निघाला. वाराणसीला जायचे, यात्रेकरूंना केळी विकायची आणि श्रीमंत व्हायचे, असा बेत होता! घरच्यांनी वाटेतूनच परत आणले. पुढे मॅट्रिकची परीक्षा तिसऱ्या प्रयत्नात पास झाले, तीही मद्रासच्या हिंदू हायस्कूलमधून. दहावी-बारावीत एकदा अडखळलेल्या मुलाकडे पाहून घरात सुतक पाळणाऱ्या पालकांनी ही गोष्ट जरूर ध्यानात ठेवावी.

तरुणपणी त्यांना संन्यास घ्यायचा होता. रामकृष्ण मिशनमध्ये जाण्याची ओढ होती. संन्यासापेक्षा वैद्यकी शिकून लोकांची सेवा करावी, असा सल्ला त्यांना तिथूनच मिळाला आणि ते मद्रास मेडिकल कॉलेजात दाखल झाले. शिक्षणाचा खर्च मित्रांनी आणि कस्तुरी सूर्यनारायण मूर्ती यांनी उचलला. मूर्ती पुढे त्यांचे सासरे झाले. १९१९ साली त्यांच्या कन्या शेषगिरी यांच्याशी सुब्बारावांचा विवाह झाला.

याच काळात दोन घटना घडल्या आणि त्यांनी सुब्बारावांचे सारे आयुष्य वळवले.

पहिली घटना घरातली. त्यांचे दोन भाऊ, एक मोठा आणि एक धाकटा, आठ-नऊ दिवसांच्या अंतराने ‘स्प्रू’ या आजाराने गेले. हा उष्ण प्रदेशातला आतड्याचा रोग. जुलाब थांबत नाहीत, खाल्लेले अंगी लागत नाही, तोंड सोलवटते, रक्त कमी होत जाते आणि माणूस झिजून जातो. त्या काळी यावर खात्रीचा उपाय नव्हता. डॉक्टरकी शिकणाऱ्या मुलाच्या घरात दोन तिरड्या लागोपाठ उठल्या आणि त्याच्या हाती काहीच नव्हते.

दुसरी घटना कॉलेजातली. गांधीजींच्या हाकेनुसार सुब्बारावांनी खादी घालायला सुरुवात केली होती. शस्त्रक्रियेच्या वेळचा झगाही त्यांनी खादीचाच घातला. शस्त्रक्रियेच्या इंग्रज प्राध्यापकांना ते रुचले नाही. लेखी परीक्षा चांगली देऊनही सुब्बारावांना एम.बी.बी.एस. ही पदवी मिळाली नाही, तिच्याहून खालचे एल.एम.एस. हे प्रमाणपत्र हाती पडले. मद्रास मेडिकल सर्व्हिसमध्ये शिरण्याचा प्रयत्नही फसला.

हा प्रसंग वाचताना माझ्यासारख्या डिप्लोमाधारकाचे लक्ष इथे थबकते. आपल्या मंडळात पॉलिटेक्निक करून आलेले पुष्कळ जण आहेत. हातात काम असते, अनुभव असतो, पण कागदावर एक पायरी खाली असल्याची जाणीव नोकरीभर सोबत करते. सुब्बारावांना तर ती पायरी अन्यायाने मिळाली होती. तक्रार करत बसण्याऐवजी त्या कागदावर कुठवर जाता येते, हे त्यांनी पाहायचे ठरवले.

नोकरी मिळाली ती मद्रासच्या आयुर्वेदिक कॉलेजात, शरीररचना शिकवण्याची. डॉ. आचंट लक्ष्मीपती यांचे हे कॉलेज. तिथे सुब्बारावांना वनस्पतींच्या औषधांचे आकर्षण वाटू लागले. रोगी बरे होताना ते पाहत होते. त्या औषधात नेमके काय आहे, ते कसे काम करते, किती दिले म्हणजे पुरते, हे प्रश्न मात्र त्यांना स्वस्थ बसू देईनात. आयुर्वेदाला आधुनिक संशोधनाचा पाया मिळावा असे त्यांना वाटे.

हे प्रश्न योग्यच होते, याचा दाखला पुढे आपल्या मुंबईतच मिळाला. सर्पगंधेचे मूळ आपल्याकडे शतकानुशतके वापरात होते. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना ते पद्धतशीरपणे देऊन नोंदी ठेवल्या आणि १९४९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. जगाने या मुळीची दखल घेतली. १९५२ साली तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले गेले. गुण होता म्हणून रक्तदाब उतरला. पण वापर वाढला तसे काही रुग्णांत उदासीनतेचे आजारही दिसले, आणि पुढे अधिक सोयीची औषधे आल्यावर ते मागे पडले. वनस्पतीत गुण असतो म्हणजे तिचा शरीरावर परिणाम होतो, आणि परिणाम होतो म्हणजे दुष्परिणामही होऊ शकतो. ‘नैसर्गिक आहे, अपाय काय होणार’ हे आपण सहज म्हणतो, त्याला हे उत्तर आहे.

आता पुन्हा सुब्बारावांकडे वळू. अमेरिकेतून आलेल्या एका डॉक्टरांशी गाठ पडली आणि तिकडे जाऊन शिकण्याची इच्छा बळावली. काकिनाड्याच्या मल्लाडी सत्यलिंगम नायकर धर्मादाय संस्थेने मदतीचे आश्वासन दिले, सासऱ्यांनी पैसे उभे केले. १९२० च्या दशकाच्या पूर्वार्धात ते बोस्टनला पोहोचले आणि हार्वर्डमध्ये उष्ण प्रदेशातील रोगांचा अभ्यासक्रम पूर्ण केला. तिथेही हाती आला तो डिप्लोमाच!

एल.एम.एस. ला तिकडे डॉक्टर म्हणून मान नव्हता. पोट भरण्यासाठी त्यांनी एका इस्पितळात रात्रपाळीची हलकी कामे केली, रुग्णांची भांडी उचलण्यापर्यंत. दिवसा प्रयोगशाळा, रात्री इस्पितळ. प्राध्यापक सायरस फिस्के यांच्या हाताखाली त्यांनी रक्त आणि लघवीतील फॉस्फरस मोजण्याची पद्धत बसवली. १९२५ साली प्रसिद्ध झालेली ही ‘फिस्के-सुब्बाराव पद्धत’ जीवरसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पिढ्यान् पिढ्या शिकवली गेली. १९२७ मध्ये स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिन आणि १९२९ मध्ये एटीपी हे द्रव्य या जोडीने पुढे आणले. एटीपीचा शोध त्याच वर्षी जर्मनीत लोमान यांनाही स्वतंत्रपणे लागला. आपण चालतो, हातोडा उचलतो, श्वास घेतो, त्यासाठी पेशींना जी शक्ती लागते ती या एटीपीतून मिळते. आज अकरावी-बारावीच्या जीवशास्त्रात ते प्रत्येक मुलाला पाठ असते, फक्त सुब्बारावांचे नाव तिथे नसते.

१९३० साली त्यांना हार्वर्डची पीएच.डी. मिळाली. इतके काम करूनही तिथे कायमची जागा मात्र मिळाली नाही. १९४० मध्ये ते न्यूयॉर्कजवळच्या पर्ल रिव्हर येथील लेडर्ली प्रयोगशाळेत गेले आणि लवकरच तिथल्या संशोधनाचे प्रमुख झाले.

त्यांच्या पुढच्या कामाची एक कडी मुंबईत आहे, म्हणून थोडे मागे जाऊ. १९२८ साली लुसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरीब स्त्रियांना गरोदरपणी एक विचित्र पांडुरोग होई आणि त्यात कित्येक दगावत. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये राहून विल्सबाईंनी शोध घेतला. जंतू सापडला नाही, खाण्यात मात्र काहीतरी कमी असल्याचे दिसले. यीस्टचा अर्क दिल्यावर बायका भराभर सुधारू लागल्या. १९३१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. यीस्टमध्ये असलेल्या त्या अज्ञात घटकाला ‘विल्स फॅक्टर’ म्हणू लागले. गिरणगावातल्या आपल्याच आज्या-पणज्यांच्या रक्तातून या जीवनसत्त्वाचा पहिला माग लागला, हे आपण विसरू नये.

पुढे १९४१ साली अमेरिकेत काही शास्त्रज्ञांनी चक्क चार टन पालक वापरून त्यातून हा घटक थोडासा वेगळा काढला. लॅटिनमध्ये पानाला ‘फोलियम’ म्हणतात, त्यावरून नाव पडले फोलिक ॲसिड. पण टनभर भाजीतून चिमूटभर मिळणारे औषध रोग्यांना पुरणार कसे? ते कारखान्यात तयार करता यायला हवे होते. हे काम सुब्बारावांच्या नेतृत्वाखालील लेडर्लीच्या चमूने १९४५ साली फत्ते केले. शोधनिबंधावर अनेक सहकाऱ्यांची नावे आहेत, सुब्बारावांचे पहिले नाही. स्वतःचे नाव पुढे करण्याचा त्यांचा स्वभावच नव्हता.

लगेच डॉ. टॉम स्पाइज यांनी ते रुग्णांना दिले. पांडुरोगात गुण आला. आणि स्प्रूच्या रुग्णांतही आला! ज्या रोगाने आपले दोन भाऊ नेले, त्याच्यावरचे औषध या भावाने कारखान्यात तयार करून दाखवले होते. मध्ये साधारण पाव शतक गेले होते. तीच ही केमिस्टकडे मिळणारी साधी, स्वस्त, पिवळी गोळी.

इथवर वाचून कोणालाही वाटेल, की एवढे गुणकारी जीवनसत्त्व सर्वांनी रोज भरपूर घ्यावे. पण याच चरित्राचे पुढचे पान वेगळे काही सांगते.

‘पर्निशियस ॲनिमिया’ या दुसऱ्या एका पांडुरोगातही फोलिक ॲसिड देऊन पाहिले गेले. रक्त सुधारले, चेहऱ्यावर लाली आली. पण काही रुग्णांच्या हातापायांच्या मुंग्या वाढत गेल्या, तोल जाऊ लागला. कारण या रोगात खरी उणीव होती ती बी-१२ ची. ते जीवनसत्त्व १९४८ साली वेगळे काढण्यात आले. फोलिक ॲसिडने रक्ताचा दोष झाकला आणि आत मज्जातंतूंची हानी चालूच राहिली. आपल्यातील शुद्ध शाकाहारी मंडळींनी हे विशेष लक्षात ठेवावे. बी-१२ वनस्पतींतून मिळत नाही. ते दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतूनच मिळते. मुंग्या, थकवा, विसराळूपणा असेल तर आपल्या मनाने फोलिक ॲसिडच्या गोळ्या चालू करू नयेत, आधी रक्त तपासून घ्यावे.

दुसरा अनुभव तर याहून चकित करणारा. बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर हे रक्ताच्या कर्करोगाने आजारी मुलांवर उपचार करीत. फोलिक ॲसिडच्या जातीची द्रव्ये दिल्यावर या मुलांचा रोग उलट जोर धरतो, असे त्यांना वाटले. पेशींना वाढायला फोलिक ॲसिड लागते आणि कर्करोगाच्या पेशी तर वाढीलाच हपापलेल्या. मग त्यांना ते मिळूच न देणारे द्रव्य सापडले तर? सुब्बारावांच्या चमूने फोलिक ॲसिडच्या रचनेत किंचित बदल करून तशीच द्रव्ये तयार केली. त्यातील अमिनोप्टेरिन फार्बर यांनी १६ मुलांना दिले. १० मुलांत सुधारणा दिसली. १९४८ साली हे प्रसिद्ध झाले. सुधारणा टिकाऊ नव्हती, पण या रोगात औषधाने फरक पडू शकतो हे प्रथमच दिसले. त्याच कुळातले मेथोट्रेक्झेट १९५६ मध्ये गर्भाशयाशी निगडित एका कर्करोगाला पूर्ण बरे करणारे ठरले. आज लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरील उपचारात ते असतेच आणि चांगल्या केंद्रांत बहुसंख्य मुले बरी होऊन घरी जातात.

एकाच माणसाच्या प्रयोगशाळेत जीवनसत्त्व तयार झाले आणि त्या जीवनसत्त्वाला अडवणारे औषधही तयार झाले. कोणाला द्यायचे आणि कोणापासून रोखायचे, हे रोग्याकडे पाहून ठरवायचे.

ही गोष्ट माझ्या घरात रोज दिसते. माझ्या आईला संधिवात आहे. तिला आठवड्यातून एकच दिवस मेथोट्रेक्झेटची गोळी असते आणि वेगळ्या दिवशी फोलिक ॲसिडची. दोन गोळ्या दोन वेगळ्या दिवशी का, असे तिने विचारले तेव्हा डॉक्टरांनी समजावले, की पहिली गोळी जे अडवते त्याचा शरीराला फार तुटवडा पडू नये म्हणून दुसरी. दोन्ही गोळ्या भीमावरमच्या एकाच माणसाच्या कामातून आल्या आहेत हे मी तिला सांगितले, तर ती म्हणाली की त्याच्या नावाने एक दिवा लाव. ज्यांच्या घरात ही गोळी असेल त्यांना कळकळीची विनंती, ती आठवड्याची गोळी आहे, चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. डब्यावर वार मोठ्या अक्षरात लिहून ठेवा आणि फोलिक ॲसिडही डॉक्टरांनी सांगितले तेवढेच द्या.

सुब्बारावांचे काम इथेच संपत नाही. हत्तीपाय रोगावरचे हेट्राझान, म्हणजे डीईसी, हे त्यांच्याच प्रयोगशाळेचे. गोदावरीकाठच्या जिल्ह्यांत हा रोग खूप, आणि आपल्याकडे नागपूर-चंद्रपूर-सोलापूर पट्ट्यातही. २००४ पासून देशभर घरोघरी येऊन आरोग्य कर्मचारी ज्या गोळ्या समोर खायला लावतात, त्यातली एक हीच. ऑरिओमायसिन हे टेट्रासायक्लिन कुळातले पहिले प्रतिजैविकही त्यांच्या कारकिर्दीत लेडर्लीत सापडले. ते शोधणारे डॉ. डग्गर यांचे वय तेव्हा सत्तरीच्या पुढे होते. वयस्क माणसाला संधी देणारा वरिष्ठ किती मोठ्या मनाचा असतो, हे नोकरदारांना वेगळे सांगायला नको.

ऑगस्ट १९४८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये झोपेतच त्यांचे निधन झाले. वय अवघे ५३. त्यांनी शेवटपर्यंत अमेरिकेचे नागरिकत्व घेतले नाही आणि ते भारतातही परतले नाहीत. पत्नी शेषगिरी इकडेच राहिल्या, दोघांची पुन्हा भेट झाली नाही. त्यांचा मुलगा लहानपणीच गेला होता. गाव सोडून परमुलखात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना या दोन ओळींचे वजन कळेल. आपण निदान गणपतीला, दिवाळीला गाडीत बसून गावी जाऊ शकतो.

आता या चरित्रातून आपल्या घरातल्या डब्यांकडे वळतो. रुळाच्या सांध्याला फिशप्लेट असते, तिला बोल्टसाठी ठराविक भोके असतात. एक बोल्ट निखळला तर तो बसवलाच पाहिजे, नाहीतर अपघात होईल. पण सगळे बोल्ट जागेवर असताना आणखी चार आणले तर ते बसवणार कुठे? पूरक गोळ्यांचेही तसेच आहे. उणीव असेल तिथे त्या प्राण वाचवतात. उणीव नसेल तिथे जास्त घालून जास्त ताकद येत नाही.

उणीव भरली तर काय होते याचा पुरावा भक्कम आहे. गर्भ राहिल्यावर पहिल्या सुमारे २८ दिवसांत बाळाच्या मज्जारज्जूची नळी मिटते. त्या वेळी आईच्या शरीरात फोलिक ॲसिड पुरेसे हवे. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत, आधी असे व्यंग असलेले बाळ झालेल्या मातांना फोलिक ॲसिड दिल्यावर पुन्हा तसे व्यंग होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले. अनेकींना पहिले २८ दिवस गरोदर असल्याचे कळतही नाही, म्हणून मूल हवे असे ठरवतानाच डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू करायची असते. गरोदरपणी लोह आणि फोलिक ॲसिडची लाल गोळी सरकारी दवाखान्यातून १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस मिळते. शाळेत मुला-मुलींना आठवड्याला निळी गोळी देतात. गोळी फुकट आहे म्हणून ती हलकी समजू नका. चहाबरोबर घेऊ नका, लिंबू-पाण्याबरोबर घेतली तर लोह चांगले लागते.

उणीव नसताना काय होते, त्याचेही उदाहरण आहे. फोलिक ॲसिड आणि बी जीवनसत्त्वे घेतली की रक्तातले होमोसिस्टिन उतरते, म्हणजे हृदयविकार टळेल अशी मोठी आशा होती. २००६ साली दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. होमोसिस्टिन उतरले, पण हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत. गोळ्यांतून फोलिक ॲसिड दिवसाला १००० मायक्रोग्रॅमच्या पुढे मोठ्या माणसानेही आपल्या मनाने जाऊ नये अशी मर्यादा तज्ज्ञांनी घातली आहे.

वनस्पतींचेही तसेच. इसबगोल बद्धकोष्ठावर खात्रीने उपयोगी आणि कोलेस्टेरॉलही थोडे उतरवते. अश्वगंधेने ताण आणि झोप यांत काहींना फायदा झाल्याचे लहान पाहण्यांत दिसले आहे. पण अश्वगंधा आणि हळदीच्या तीव्र अर्काच्या कॅप्सूल यांमुळे क्वचित यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. भाजीतली हळद निराळी आणि कॅप्सूलमधली निराळी. थायरॉइड, मधुमेह, रक्त पातळ करण्याचे औषध चालू असेल किंवा दिवस गेले असतील, तर असे काहीही घेण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावे. पूरक गोळ्यांच्या डब्यावर बारीक अक्षरात, हे औषधी वापरासाठी नाही, असे छापलेले असते तेही एकदा वाचावे.

आमच्या गँगमधला एक ट्रॅकमन सतत थकायचा. त्याने दोन महिने महागडी पावडर खाल्ली, फरक पडला नाही. शेवटी रक्त तपासले तर बी-१२ फार कमी निघाले. काही इंजेक्शने झाली, खर्च पावडरीच्या पाव भागाइतकाही नाही, आणि गडी पुन्हा दिवसभर हातोडा चालवू लागला. आधी तपासणी, मग गोळी, एवढाच क्रम सांभाळायचा आहे. आणि रोजच्या ताटात पालक, मेथी, मोड आलेले मूग-मटकी, हरभरा, शेंगदाणे असू द्यावेत. पालेभाजी फार वेळ शिजवू नये आणि तिचे पाणी ओतून टाकू नये, कारण फोलिक ॲसिड उष्णतेने नष्ट होते आणि पाण्यात उतरते.

डॉ. सुब्बाराव यांच्या जन्मशताब्दीला, १९९५ मध्ये, आपल्या टपाल खात्याने तिकीट काढले. एका बुरशीला त्यांच्या नावावरून ‘सुब्बारोमायसेस’ असे नाव दिले गेले. नोबेल मिळाले नाही. पण आपल्या भागातील कुठल्याही प्रसूतिगृहात, कर्करोगाच्या वॉर्डात, हत्तीपायाच्या मोहिमेत त्यांचे काम रोज चालू आहे.

कार्यकारिणीपुढे एक नम्र सूचना ठेवतो. यंदा उत्सवात आरोग्य शिबिर घ्यावे. त्यात हिमोग्लोबिनची तपासणी असावी आणि शिबिराला डॉ. सुब्बाराव यांचे नाव द्यावे. आपल्या तेलुगू शेजाऱ्यांनाही आग्रहाने बोलवावे. ज्या भूमीने आपल्याला भाकरी दिली, तिच्या एका सुपुत्राचे ऋण आपण असे थोडेतरी फेडू. विघ्नहर्ता सर्वांना उत्तम आरोग्य देवो, हीच प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!

– आपल्या मंडळाचा एक सभासद, सिनियर सेक्शन इंजिनीअर (रेल्वे)